नखं काढणाऱ्या सिस्टरबाई

जळकोटला राहायला गेले त्याच आठवड्यात एक अनोळखी म्हातारबा जिना चढून माझ्या दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, हातात सीताफळांनी फुगलेली पिशवी. मला बघून तो जरा गोंधळला. मग पिशवी उंबऱ्यावर ठेवून त्यानं हात जोडले.

"तुम्हीच का त्या?"

"कोण मी?"

"खाली बाईनं सांगितलं, मला काय बी देऊ नका, समदं वरच्यानं केलंय, वर द्या. म्हणून आलो."

मी नवी भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झालेली, गावात ओळख फक्त मुख्याध्यापकांची. या म्हातारबाचं मी काय भलं केलं होतं, ते मला काही केल्या आठवेना. शेवटी पिशवी उचलून मी खाली गेले. म्हातारबा माझ्या मागोमाग. घरमालकीण अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. झाला प्रकार ऐकून त्या इतक्या हसल्या, की सुपातले निम्मे तांदूळ फरशीवर सांडले.

"अहो मामा, वर म्हणजे आभाळात! मी देवाचं बोलून राहिले, तुम्ही मास्तरणीलाच देव केलं की!"

"मग आता कसं?" म्हातारबा खट्टू होऊन म्हणाला.

"कसं काय? देवानंच पोरीला सीताफळं धाडली समजा. घरापासून लांब आलीय, खाऊ द्या तिला."

म्हातारबाच्या बायकोच्या पायाला मोठी जखम झाली होती. बाई रोज तिच्या घरी जाऊन ती धुऊन, पट्टी बांधून येत होत्या. ती भरली म्हणून ही सीताफळं. पुढं माझ्या लक्षात आलं, की असले आभार घेऊन लोक नेहमीच यायचे आणि बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "पत्ता चुकला. वर जा." गावातल्या जाणत्या लोकांना त्याचा अर्थ माहीत होता. खेड्यावरून येणारी साधी माणसं मात्र जिना चढायची. त्या काळात मी हरभऱ्याचे डहाळे, कवठं, एकदा तर जिवंत कोंबडीसुद्धा देवाच्या वतीनं नाकारली आहे.

त्यांना सगळं गाव सिस्टरबाई म्हणायचं. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टर. पण नुसतं सिस्टर म्हणणं गावाला कोरडं वाटलं असावं, म्हणून पुढं बाई. ठेंगण्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. केस आखूड कापलेले. पांढरी साडी नेसायचं काम निवृत्तीबरोबर संपलं होतं, आणि त्याचा सूड उगवल्यासारख्या त्या पोपटी, जांभळ्या, केशरी अशा साड्या नेसायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का, असं मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "ध्यानातच आलं न्हाई बघ. ध्यानात आलं तवा उशीर झाला होता."

माझे वडील लोह्याहून मला सोडायला आले होते. शेतकरी माणूस. भिंतीवरचा क्रूस बघून ते जरा घुटमळले. मग घसा साफ करून म्हणाले, "बाई, घरात मटण-बिटण शिजत असंल ना तुमच्या?"

"न्हाई हो भाऊ, मला चालत न्हाई. लहानपणापासून नकोच वाटतंय. तुमच्या पोरीला लागतं का? लागत असंल तर करून देईन."

वडील माझ्याकडं बघू लागले आणि मी भिंतीकडं. आमच्याकडं दर रविवारी रस्सा असायचा आणि तो वडीलच करायचे. वर मला एकटीला भेटून ते एवढंच बोलले, "बाई चांगली दिसती. राहा."

बाईंची प्रार्थना हा त्या घरातला सकाळचा भोंगा. त्या अंगण झाडता झाडता मोठ्यानं प्रार्थना करायच्या. डोळे उघडे, हातात खराटा, आणि आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचवायची सवय असलेला. गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याचं दुखणं, भांडण, परीक्षा, सगळं देवापुढं ठेवायच्या. त्यामुळं गल्लीत कोणाचं काय चाललंय, ते कळायला दुसरीकडं जावंच लागायचं नाही. देवाशी त्यांची भाषा हाताखालच्या माणसाची असायची, पण जरा तोंडाळ माणसाची. "प्रभू, मागच्या आठवड्यात बी तुला सांगितलं होतं," असं एखादं वाक्य मध्येच यायचं.

मला बघायला उदगीरहून पाहुणे यायचे होते, त्या दिवशीही मी खिडकीतून ऐकलं, "प्रभू, वरच्या मास्तरणीला आज बघाया येऊन राहिलेत. पोरगा चांगला असंल तर जमव. न्हाई तर गाडी पंक्चर कर."

दुपारी निरोप आला, रस्त्यात गाडीचे दोन टायर गेले, आज येणं होत नाही. पाहुणे पुन्हा काही आलेच नाहीत. बाई जिना चढून वर आल्या. चेहरा उतरलेला.

"अगं, मी एक चाक धरून बोलले होते. दोन-दोन कामून केले त्यानं? पोरगा लईच वाईट होता का काय?"

पण सिस्टरबाईंची खरी ओळख म्हणजे शनिवार. बाजाराच्या दिवशी सकाळी त्या एक पिशवी भरायच्या. एक घमेलं, साबण, जुन्या साडीचे फडके, खोबरेल तेलाची बाटली, आणि मोठी, मजबूत नखं काढायची कात्री. पाराजवळच्या चहावाल्याकडून गरम पाणी घ्यायच्या आणि खाली बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायाची नखं काढायच्या.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं. ती नखं म्हणजे नखं नव्हती. चिखलात, ढेकळात उभी हयात गेलेल्या पायांची, जाड झालेली, वाकडी होऊन मांसात घुसलेली. बाई आधी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायच्या. मग मांडीवर फडकं, फडक्यावर पाय. कापून झालं की बोटांच्या बेचक्यातून तेल लावायच्या. तोंडानं बोलणं चालूच.

"म्हातारपणात माणसाचा हात पायापोतर पोचत न्हाई," त्या मला म्हणाल्या. "बाकी समदं घरचे करतात गं. भाकर देतात, गोळ्या देतात. पर नखं कोण बघतंय? आणि म्हातारं माणूस सांगत बी न्हाई. लंगडत राहतंय."

गावचे जुने सरपंच रोज पारावर बसायचे. पायात नेहमी बूट. एका शनिवारी बाईंनी त्यांच्यापुढं घमेलं ठेवलं. सरपंच एकदम मागं सरकले.

"नको बाई. बाईमाणसानं माझे पाय धरायचे? पाप लागंल मला."

"पाप लागलं तर माझं नाव सांगा. काढा बूट."

"माणसं बघून राहिलीत."

"त्यांचा बी नंबर येणार हाय. काढा!"

बूट निघाले. अंगठ्याचं नख आत रुतून बोट लालबुंद झालं होतं. बाईंनी पाय मांडीवर घेतला. हळूच फुंकर घालत काम करत राहिल्या. सरपंच पारावरच्या लिंबाच्या शेंड्याकडं बघत बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. दुखत होतं म्हणून, असं ते नंतर सगळ्यांना सांगायचे.

गावात शंका घेणारेही होतेच. पानटपरीवरचा एक तरुण एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, हे समदं धर्म बदलायला चालू हाय का?"

बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "नखं काढून धर्म बदलत असता, तर न्हाव्यानं अख्खा तालुका बदलला असता रे. तुझा आजा कुठंय? दोन शनिवार झाले, आला न्हाई. घेऊन ये त्याला."

हशा पिकला. पोरगा बावरला, पण पुढच्या शनिवारी आजोबांना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला.

त्याच दिवशी घरी येताना मी विचारलं, "बाई, पण नखंच का?"

त्या चालता चालता थांबल्या. हे त्या थट्टेनं बोलल्या नाहीत. "आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते. मालक असून. पाय धुवायचं मोठं काम त्यानं आधीच करून टाकलं. मला नखं उरली."

आणि आभारांचं म्हणाल, तर तेही मी एकदा छेडलं होतं. लोक प्रेमानं म्हणतात, तर ऐकून घ्यायला काय होतं? बाई म्हणाल्या, "मला ते लई गोड लागतंय, हीच तर तकलीफ हाय. आज गोड लागलं, की उद्या जिथं आभार भेटतात तिकडंच माझे पाय वळतील. मग ज्याला बोलताच येत न्हाई, त्याच्याकडं कोण जाईल?"

शेजारच्या घरात सुनंदाताई राहायच्या. अंगणवाडी सेविका. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर होती, आणि सकाळी दोघींची गाठ कुंपणाशी पडायची. "जयभीम, सिस्टरबाई." "जय ख्रिस्त, सुनंदा. तुझा नवरा खोकून राहिला काल, काढा दे त्याला." सुनंदाताईंची सगळी बाळंतपणं बाईंच्या हातची. त्यांना बाईंवर हक्कानं ओरडता यायचं, आणि असा हक्क गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाई चर्चच्या पायऱ्या धूत होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छोटं चर्च होतं. ते धुण्याचं काम कुणी त्यांना दिलेलं नव्हतं आणि कुणी त्यांच्याकडून काढूनही घेऊ शकत नव्हतं. साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. लातूरला नेऊन ऑपरेशन झालं, आणि काही दिवसांनी त्या अॅम्ब्युलन्समधून घरी आल्या. स्ट्रेचरवरून खाली घेणाऱ्या माणसांना "कमरेतून वाका, पाठ धरंल," असं सांगत.

मग खरी अडचण सुरू झाली. जगभराची सेवा केलेल्या या बाईला सेवा करून घेणं म्हणून काही येतच नव्हतं.

चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं डबा आणला, तर "माझ्याकडं हाय" म्हणून परत. मी अंग पुसायला गेले, तर "शाळेला उशीर होईल तुला." सुनंदाताई केस विंचरायला आल्या, तर फणी हातातून काढून घेतली. आलेल्या प्रत्येकाची त्या पडल्या पडल्या चौकशी करायच्या, गोळ्या सांगायच्या आणि वाटेला लावायच्या. दुखणाईत त्या होत्या, पण तपासून घेऊन जायचे ते बघायला आलेले लोक.

उशाशी मी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. दुपारी शाळेतून येऊन बघितलं की रिकामा. मला बरं वाटायचं. पण उशालगतच्या खिडकीत कोरफडीची एक कुंडी होती. ती एके दिवशी बघते तर पानं पिवळी, बुंधा कुजून मऊ झालेला. कोरफड पाण्यावाचून महिनोन्महिने जगते, ती अशी कुजली कशी, म्हणून मी मातीत बोट घातलं. नुसता चिखल.

बाई पाणी पीतच नव्हत्या. हात लांब करून कुंडीत ओतत होत्या. प्यायलं की बेडपॅन लागणार, आणि बेडपॅन लागला की कुणाला तरी हाक मारावी लागणार.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप होता. ओठ सुकून फुटले होते. मी धावत जाऊन सुनंदाताईंना घेऊन आले.

सुनंदाताईंनी कुंडी बघितली, बाईंकडं बघितलं आणि कमरेला पदर खोचला.

"सिस्टरबाई, किडन्या घालवता का? तुम्हीच आमाला सांगायच्या ना, पाणी पी, पाणी पी?"

"ओरडू नको. मी बघून घेते माझं."

"काय बघता? उठता तरी येतंय का? मी बेडपॅन देते. लाज वाटती का माझी?"

"तू हे काम करायचं न्हाईस. तुझ्याच्यानं मी करून घेणार न्हाई."

"माझी समदी बाळंतपणं तुम्ही केली. माझं रक्त, माझी घाण, समदं तुमच्या हातानं काढलं. तवा मी लाजले का?"

"तवा तू बोंबलत होतीस. लाजायला टाईम कुठं होता तुला!"

मला हसू फुटलं. सुनंदाताईंना नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या. आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे आम्ही घेत राहायचं आणि तुम्ही देत राहायचं. असंच ना? आमचा हात तुमाला चालत न्हाई."

हे शब्द बाईंना कुठं लागले, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. हाताच्या न चालण्याबद्दल सुनंदाताईंच्या घराण्यानं काय काय सोसलं होतं, ते बाईंना माहीत नव्हतं असं नाही. त्या घाईनं म्हणाल्या, "तसं न्हाई गं सुनंदा. तसं म्हणू नको."

"मग कसं?"

बाईंनी भिंतीकडं तोंड केलं. मग नेहमीच्या सकाळच्या खणखणीत आवाजात नाही, तर आम्हाला कान देऊन ऐकावं लागेल एवढ्या हळू, त्या बोलू लागल्या. आमच्याशी नव्हे.

"प्रभू, तू बघून राहिलास ना? लोकांना वाटायचं, मी लई खाली बसते. बसायचे मी खाली. पर हात माझाच वर असायचा. देणारीचा. तेवढं एक माझं मोठेपण मी जपून ठेवलं होतं, आणि मला कळलं बी न्हाई. आज तू मला घेणारी केलंस. मला जमंना झालंय, बाप्पा. शिकव."

मग बाईंनी तोंड आमच्याकडं वळवलं आणि तोंड पुसत म्हणाल्या, "सुनंदा, पाणी दे. आणि नंतर ते भांडं आण. पर सरकवायची रीत शिकून घे आधी. तुझ्या मनानं घुसवू नको, टाके हाईत माझे."

सुनंदाताई रडत रडत हसल्या. "सांगा. शिकवा."

डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला. घराचं दार मग दिवसभर उघडं राहू लागलं. पाळकसाहेबांच्या बायकोचा डबा परत जाईना. सरपंचांच्या सुनेनं येऊन बाईंना न्हाऊ घातलं. मी रोज संध्याकाळी पाठीला पावडर लावायचे. बाई सगळ्यांना सूचना द्यायच्या, चुका काढायच्या, वैतागायच्या, पण नाही म्हणायच्या नाहीत. प्रत्येक वेळी "नको" त्यांच्या ओठावर येऊन थांबलेलं दिसायचं. त्या डोळे मिटायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. कर." ऑपरेशननंतर चालायला शिकताना त्यांनी जेवढा जोर लावला असेल, त्याहून जास्त जोर या दोन शब्दांना लागत होता.

नाताळपर्यंत त्या वॉकर धरून चालू लागल्या. उपासना झाली आणि चर्चमागच्या मोकळ्या जागेत पंगती बसल्या. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात आणि जिलेबी. पाळकसाहेबांनी मला सांगितलं, की त्या पटांगणात सिस्टरबाईंना बसून जेवताना कुणी बघितलेलंच नाही. दरवर्षी वाढायला त्या, आणि शेवटी पातेल्याच्या तळाला उरेल ते उभ्या उभ्या खायलाही त्याच. काही उरलंय का, असं विचारायचीही त्यांची रीत नव्हती.

त्या दिवशी त्यांना पहिल्या पंगतीत खुर्चीवर बसवलं. नारिंगी साडी, डोक्यात सुनंदाताईंनी खोवलेलं अबोलीचं फूल. पुढं छोटं टेबल, त्यावर पत्रावळ. वाढणाऱ्यांत सुनंदाताई होत्या, मी होते. बाई अगदी परक्या घरी आल्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या. मध्येच एकदा वॉकरला हात घालून उठायला निघाल्या. "त्या कोपऱ्यात वरण पोचलं न्हाई..."

"पोचलं," सुनंदाताई म्हणाल्या. "बसा."

बाई बसल्या. पुरी मोडली. भाजी खाल्ली. मीठ कमी आहे, म्हणाल्या. मग पानातली जिलेबी उचलली आणि पाक बोटांवरून ओघळत असताना सावकाश, डोळे मिटून, पूर्ण खाल्ली. इतकं मन लावून खाताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सुनंदाताई जिलेबीचं ताट घेऊन पुढच्या माणसाकडं वळल्या होत्या.

"सुनंदा."

सुनंदाताई थांबल्या. आजूबाजूची दोन-चार माणसंही थांबली. बाईंच्या तोंडावर नव्या नवरीसारखी लाज होती.

"मला अजून एक दे गं. लई आवडली."

सुनंदाताईंनी दोन वाढल्या. बाईंनी एकदा पत्रावळीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. आता एक परत करणार, असं मला वाटलं. पण त्यांनी दोन्ही संपवल्या, बोटं चाटली, आणि पत्रावळ दोन्ही हातांनी सुनंदाताईंच्या हातातल्या ताटाकडं जरा पुढं सरकवली.